मोजणी

रेवदंड्याच्या किल्ल्यात, तटाला पाठ लावून
दोघा भावांची वाडी.
थोरला दिनानाथ घरत, धाकटा हरेश्वर.
सुपाऱ्या एकशे बारा, नारळ एकोणतीस,
विहीर एक, सामाईक.
आणि सातबाऱ्यावर कुण्या जुन्या तलाठ्याच्या
फिकट शाईत: पडकी इमारत, पोटखराबा.

मी भूमापक. मला वाटणीची रेघ आखायची होती.

पोटखराबा बघायला गेलो
तर एक कमान उभी, आणि कमानीवर आभाळ.
छप्पर केव्हा गेलं?
"आज्याच्या वेळीही नव्हतंच," दिनानाथ म्हणाला,
जसं काही आज्याआधी काही नसतंच.
भिंतीच्या सांध्यांतून वडाची मुळं उतरलेली.
जिथे वेदी असावी तिथे सुपारीच्या सालांचा ढीग,
त्यावर एक कोंबडी, अंगाखाली ऊब धरून.
चौकटीच्या दगडावर क्रूस कोरलेला
आणि त्याच्या पायाशी दोन पानं फुटलेली.
पानं विड्याची होती.
कोरणाऱ्याला नमुना दिला असेल कुणी समुद्रापलीकडचा;
पानं मात्र त्याने
समोरच्या मांडवावर बघून काढली.

तिपाई लावली. झेंडी रोवली.
हरेश्वरचा पोरगा फीत धरून पळाला
तो थेट विहिरीकाठी, धुण्याच्या दगडापाशी थांबला.
"रेघ हितनं जाते, सायेब."

सुगंधावहिनी चादर आपटत होत्या.
जरा सरकल्या, तेव्हा
साबणाच्या फेसाखालून अक्षरं वर आली.
खाली एक कवटी, दात मोजून नऊ.
वर ढाल, ढालीत मासा की पक्षी,
इतक्या वर्षांच्या आपटण्याने दोन्ही.
डावीकडची अक्षरं शाबूत,
उजवीकडची गुळगुळीत, जिथे
वहिनींचा, त्यांच्या सासूचा, सासूच्या सासूचा
हात सारखा पडत आला.

खाडीपलीकडून कोर्लईची फेलिसियाना
वांग्यांची पाटी घेऊन येते, मंगळवारी.
त्या दिवशी मंगळवार होता.
पाटी उतरवून ती उकिडवी बसली.
वाचता तिला येत नाही, पण मी
अक्षर अक्षर उच्चारून दाखवलं तेव्हा
पहिल्याच शब्दाला तिने मान डोलावली:
"हा आमच्यात हाय. 'हितं' म्हणायचं त्याला."
पुढचं?
पुढचं तिलाही लागेना.
"हितं कोणतरी हाय," ती म्हणाली,
आणि मग वहिनींकडे बघून, घाईने,
"तुम्ही धुवा वो. त्याला काय व्हतंय."

वहिनींनी मात्र चादर पिळून खांद्यावर टाकली
आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

फळीवरच्या कागदावर मी रेघ ओढली.
ती दगडाच्या बरोबर मधून गेली:
'हितं' थोरल्याच्या वाट्याला,
झिजलेलं नाव धाकट्याच्या.
"मग दगड कुणाचा?" दोघांनी एकदम विचारलं.
चार महिन्यांत पहिल्यांदाच
दोघे एकदम काही बोलले असावेत;
एकमेकांकडे बघून दोघेही जरा वरमले.

नियमात याला उत्तर आहे.
खूण हलवता येते, दोन वीत अलीकडे,
पंच सही करतात, काम संपतं.
मी खोडरबर काढलाही होता.
मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
विहीर सामाईक. दगड सामाईक.
इतर हक्क: एक जुना कब्जेदार,
नाव वाचता येत नाही.

वरच्या साहेबांनी तिसरी ओळ
लाल पेनने खोडली. बरोबरच होतं त्यांचं.

पुढे एकदा त्या बाजूला गेलो तर
धुण्याला सिमेंटची नवी फरशी झालेली,
आणि तो दगड तसाच, जागच्या जागी,
त्यावर वहिनींनी आमसुलं वाळत घातलेली,
कवटीच्या दातांवर एक एक,
आणि वरच्या पहिल्या शब्दावर
काहीच नाही.